पितृछत्र आणि आकाश : एका आशयसूत्राची मराठी अनुपस्थिती

मराठी साहित्यात बाप आणि मूल घराबाहेर एकत्र पडले की त्यांचे काय होते, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. आई आणि मूल या नात्याची चिकित्सा पुष्कळ झाली. तिच्यात भाबडेपणा होता तसा अलीकडे स्त्रीवादी तिखटपणाही आला. बाप मात्र समीक्षेत बहुधा सत्तेचे प्रतीक म्हणून येतो आणि प्रतीक म्हणूनच निघून जातो. मुलाला घेऊन तो कुठे गेला, कशात बसून गेला, वाटेत त्याने मुलाच्या हाती काय दिले, अशा साध्या गोष्टींकडे पाहिले तर एक चमत्कारिक पोकळी जाणवते. पाश्चात्त्य गद्यात, विशेषतः अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशाच्या लेखनात, बापाने मुलाला शेजारच्या आसनावर बसवून स्वतःच्या छोट्या विमानातून रानात किंवा तळ्याकाठी नेणे, पंखाखाली तंबू ठोकून दोन रात्री काढणे, हे आशयसूत्र परके वाटत नाही. मराठीत ते नाही, आणि ते का नाही याचे सोपे उत्तर सर्वांच्या जिभेवर असते : विमाने होती कुणाकडे? हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. या आशयसूत्राचे घटक सुटे करून पाहिले तर विमान हा त्यातला एकच घटक ठरतो. बाप आणि मूल दोघेच असणे, बापानेच वाहन चालवणे, वाहनावरचा ताबा काही क्षण मुलाकडे जाणे आणि गंतव्य स्थळी कोणतेही कर्तव्य वाट पाहत नसणे, हे उरलेले घटक बैलगाडीतही शक्य होते. मराठी साहित्यात ते बैलगाडीतही क्वचितच एकत्र आलेले दिसतात. तेव्हा अनुपस्थिती यंत्राची नसून संबंधाची आहे, असे गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

या संबंधाची पहिली साक्ष भाषा देते. वडील वारले की मराठीत 'पितृछत्र हरपले' असे म्हणतात. वृत्तपत्रीय निधनवार्तांनी हा शब्दप्रयोग इतका झिजवला आहे की त्यातील प्रतिमा कुणाला दिसेनाशी झाली आहे. छत्र डोक्यावर असते आणि ते ऊन-पाऊस अडवते, हे खरेच. पण छत्र आकाशही अडवते. मुलाच्या आणि आकाशाच्या मध्ये जो उभा राहतो तो बाप, अशी ही रचना आहे. आकाशाशी संबंध जोडायचा तर तो आईशी जोडला जातो. 'आभाळमाया' हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे स्त्री येते. बापाची माया आभाळाएवढी आहे असे म्हणता येते, परंतु ते मापन झाले, नाते नव्हे. उलट मुलाचा सांभाळ सोडणाऱ्या बापासाठी मराठीने जो वाक्प्रचार घडवला तो 'वाऱ्यावर सोडणे' हा. म्हणजे वारा ही बापाने मुलाला टाकून देण्याची जागा. मुलाला घेऊन वाऱ्यावर स्वार होणारा बाप या भाषेत कल्पिणे व्याकरणाला नसले तरी संस्काराला अवघड जाते.

दुसरी साक्ष नातेव्यवस्थेची आहे. मराठी बालकाच्या सांस्कृतिक स्मृतीतील मूळ सहल म्हणजे आजोळ. सुट्टी लागली की आगगाडी, आगगाडी म्हटली की मामाचा गाव; या साखळीत बाप स्थानकावर निरोप द्यायला येतो आणि नोकरीवर परततो. मनमाड जंक्शनवर गाड्या बदलून येवल्याकडे, कोपरगावाकडे उतरणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी हाच प्रवास केला असेल. त्यात स्वातंत्र्याचा जो अनुभव आहे तो बापापासून दूर जाण्याचा आहे. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की या व्यवस्थेने आकाशदेखील मातुल घराण्याला देऊन टाकले आहे. चंद्र हा मामा. अंगाईगीतांनी आणि बडबडगीतांनी मराठी मुलाला आकाशाची जी पहिली ओळख करून दिली ती आईच्या भावाचे घर म्हणून. वरच्या अवकाशात बापाच्या नावावर एकही खोली नाही! लोककल्पनेतील हा वाटा-हिस्सा गंमतीचा वाटेल. परंतु बालसाहित्याची प्रतिमासृष्टी अशाच वाटपांतून सिद्ध होते आणि नंतर प्रौढ साहित्यात ती नकळत चालत राहते.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'कडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. त्या पुस्तकाविषयी लिहिताना अश्रूंचीच चर्चा होते. परंतु श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आठवावा. पाण्यात उडी घ्यायला भिणाऱ्या मुलाला घरातून फरफटत बाहेर काढणारी, त्याला विहिरीकडे पिटाळणारी आईच आहे. जीव धोक्यात घालण्याचे शिक्षण, जे इतर वाङ्मयांत बापाच्या वाट्याला येते, ते इथे आईने उचलले आहे. आणि मागाहून मुलाच्या अंगावरचे वळही तीच पाहते. बाप या रचनेत कर्जाने वाकलेला, दुरून प्रेम करणारा. पुढच्या साहित्यात तो अधिक कठोर होतो. 'कोसला'त (१९६३) बाप-मुलगा संघर्ष मराठी कादंबरीत अभूतपूर्व सामर्थ्याने येतो, पण तो घर, शेती, पैसा यांच्या हिशेबात चालतो. उंबरठ्यावर उभे राहून दोघे भांडतात, उंबरठा ओलांडून दोघे मिळून कुठेही जात नाहीत. बाख्तिनने कादंबरीतील कालावकाशांचा विचार करताना रस्ता आणि उंबरठा यांत जो भेद केला, तो मराठी पितृकथेला चपखल बसतो. तिचा कालावकाश उंबरठ्याचा आहे.

विमान हा शब्द मराठीला यंत्राच्या फार आधीपासून ठाऊक आहे. ते कुणासाठी येई, हे पाहण्यासारखे आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा शेवट अनेकांना स्मरत असेल. दामले-फत्तेलाल यांनी तेथे वैकुंठाहून उतरणारे गरुडाकार विमान दाखवले. तुकाराम जिजाईला बरोबर चलण्याविषयी सुचवतात. तिला मात्र चूल आहे, पुरणपोळ्या आहेत, मुले आहेत. विमान निघते तेव्हा ती धावत बाहेर येते आणि आकाशाकडे पाहत राहते. या दृश्याचा भक्तिरस बाजूला ठेवून केवळ संरचना पाहिली, तर बापासाठी एकट्यासाठी आलेले खासगी वाहन आणि अंगणात राहिलेले कुटुंब, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. दिग्दर्शकद्वयाचे मोठेपण असे, की त्यांनी कॅमेऱ्याला जिजाईच्या बाजूनेही उभे केले. मराठी मनाने विमानाचे जे सर्वांत प्रभावी दृश्य निर्माण केले, त्यात विमान हे बाप आणि मूल यांच्या वियोगाचे साधन आहे.

संस्कृत परंपरेत याला पर्याय होता. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात पुष्पकातून राम सीतेला खालचा प्रदेश दाखवत जातो, त्यात गोदावरी येते, पंचवटी येते. नाशिककरांनी आपली भूमी विमानातून कशी दिसते हे प्रथम कालिदासाकडून शिकावे. पण ते दांपत्याचे विमान आहे. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकाचे तसे नाही. इंद्राचा रथ मातलीने हाकलेला, दुष्यंत त्यातून उतरतो आहे, पृथ्वी वर येत असल्याचा भास त्याला होतो, आणि हेमकूटावर उतरल्यावर जे पहिले माणूस त्याला भेटते ते सिंहाच्या छाव्याशी खेळणारे स्वतःचे मूल. आकाशवाहन, मोकळे रान, बाप आणि मुलगा, एवढे सगळे एका अंकात जमून आले आहे. मुलाच्या मनगटावरून पडलेला ताईत बापाने उचलला तरी त्याचा साप होत नाही, हीच पितृत्वाची खूण. या अंकाचा मराठीत प्रभाव का पडला नाही? त्याला एक तपशिलाचे, थोडेसे उपरोधिक उत्तर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिले चारच अंक सादर झाले. मराठी संगीत रंगभूमीचा जन्म कण्वाने मुलीला सासरी पाठवण्याच्या अंकापाशी येऊन थांबला. उरलेले अंक यथावकाश आलेच. परंतु प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला तो निरोप देणारा बाप. आकाशातून उतरून मुलाला भेटणारा बाप मागे पडला.

आधुनिक मराठी गद्यात प्रत्यक्ष विमान आले ते प्रवासवर्णनातून. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पासून (१९६०) पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या प्रकाराला जो महापूर आला त्यातील बहुतेक लेखकांनी विमान पाहिले ते खिडकीतून. ढग कापसासारखे दिसले, शहरे खेळण्यांसारखी दिसली, हवाई सुंदरीने काय खायला दिले. प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाला आकाशाविषयी सांगण्यासारखे याहून अधिक नसतेच, कारण आकाशाने त्याच्याकडून काहीही मागितलेले नसते. साहसकथांनी उलट वाट धरली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धावतो, सायकल दामटतो, संकटांत उडी घेतो; पण त्यासाठी फुरसुंगीच्या वाड्यातील आईबापांना कथेबाहेर ठेवावे लागते. मुलाला साहस हवे तर पालक नकोत, आणि पालक हवेत तर साहस नको, असा हा मराठी बालसाहित्याचा अलिखित करार आहे. 'श्वास' (२००४) या चित्रपटाने तो मोडला, म्हणून तो चित्रपट महत्त्वाचा. दृष्टी जाणार असलेल्या नातवाला शस्त्रक्रियेआधी रुग्णालयातून बाहेर काढून शहर दाखवणारा आजोबा तिथे नियम तोडतो, डॉक्टरांचा राग ओढवून घेतो. मात्र तिथेही मुलाला घेऊन बाहेर पडणारा बाप नसून आजोबा आहे, हे विसरता येत नाही.

छोट्या विमानाने या नात्यात नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी परक्या साहित्याकडे वळणे भाग आहे. रोलां बार्थने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात ज्यूल व्हर्नच्या 'नॉटिलस'विषयी लिहिताना जहाज हे भटकंतीचे नव्हे तर बंदिस्तपणाच्या सुखाचे चिन्ह आहे, असा मुद्दा मांडला. मुलांना तंबू, गुहा, झोपड्या आवडतात त्याच सुखाचा तो विस्तार. छोटे विमान याच जातीचे : हात लांबवला तर दोन्ही बाजूंच्या भिंती लागतात. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे जी जहाजात नाही. प्रशिक्षणाच्या अशा विमानांत उजव्या आसनापुढेही नियंत्रणे असतात आणि ती डाव्या बाजूच्या नियंत्रणांना जोडलेली असतात. बापाने दांडा वळवला की मुलापुढचा दांडाही आपोआप वळतो. मुलाने नुसता हात ठेवला तरी बापाचा निर्णय त्याच्या तळव्याला कळतो. मोटारीत मूल शेजारी बसते. विमानात ते निर्णयाच्या आत बसते. शिवाय उड्डाणापूर्वी सामानाचे आणि माणसांचे वजन जुळवावे लागते, तेव्हा बापाला मुलाचे वजन विचारावे लागते. मुलाचे वजन ही बापाच्या आणि आपल्या जीविताशी निगडित बाब होते. आज्ञा देणाऱ्या पितृत्वाचे मोजमाप करणाऱ्या पितृत्वात झालेले हे रूपांतर साहित्यदृष्ट्या फार समृद्ध आहे.

ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'च्या आठव्या सर्गातील डीडलस आणि इकारस या बापलेकांची कथा सर्वपरिचित आहे. तिच्यातून मुलाच्या उद्दामपणाचा बोध काढणे हे शालेय वाचन झाले. ओव्हिड मात्र पंख बांधताना थरथरणारे म्हाताऱ्याचे हात दाखवतो, पुढे उडताना मागे वळून पाहणारा बाप दाखवतो, आणि ही कैदेतून केलेली सुटका आहे, हे विसरू देत नाही. मिशेल द सर्तोने उंच मनोऱ्यावरून शहर पाहणाऱ्या माणसाला इकारसची उपमा दिली तेव्हा वरून पाहण्यातील सत्तेचा भ्रम त्याला सुचवायचा होता. डीडलसचे काय, हा प्रश्न त्याने मोकळा सोडला. डीडलसला खालचे काही दिसतच नाही. त्याला दिसते ते फक्त मागे येणारे मूल.

सेंत-एक्झ्युपेरीचे 'छोटा राजपुत्र' (१९४३) हे पुस्तक लहानांचे तत्त्वज्ञान म्हणून इतके वाचले गेले, की त्यातील साधी परिस्थिती नजरेआड झाली. एक माणूस बिघडलेल्या विमानाचा बोल्ट सोडवण्याच्या खटाटोपात आहे. एक मूल त्याला काट्यांविषयी विचारते आहे. तो वैतागून काहीतरी उत्तर देतो. मूल रडू लागते. तो हत्यारे टाकून त्याला कुशीत घेतो. कामात गुंतलेल्या कोणत्याही बापाच्या घरी रोज घडणारी ही गोष्ट आहे. लेखकाला प्रत्यक्ष अनुभव होता तो वेगळा : १९३५ च्या डिसेंबरअखेर तो आणि त्याचा यंत्रज्ञ वाळवंटात कोसळले आणि तहानेने मरता मरता वाचले. पुस्तकात यंत्रज्ञाच्या जागी मूल आले. झोपलेल्या मुलाला उचलून माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे विहीर सापडते. विमान आणि बालक यांच्यावरील हे सर्वश्रेष्ठ पुस्तक सबंध जमिनीवर घडते, आणि त्याच्या मुळाशी पाणी आहे.

पाण्यामुळेच इथे आणखी एक संहिता शेजारी ठेवावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिशीच्या दशकात इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आणि १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींतील पहिली आठवण १९०१ च्या सुमाराची आहे. वडील गोरेगावला खजिनदार. मुलांना त्यांनी सुट्टीसाठी बोलावून घेतलेले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिला प्रवास. मराठी साहित्यात जी बापाकडे जाण्याची सहल शोधून सापडत नाही ती इथे समोर उभी आहे. मसूर स्थानकावर मुले उतरतात. पत्र वडिलांच्या हाती पडलेले नसल्याने न्यायला कुणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. एकही गाडीवान तयार नाही. अखेर दुप्पट भाडे ठरते आणि तोडगा निघतो तो असा : मुलांनी गाडी स्वतः हाकायची, गाडीवानाने शेजारून चालायचे. रात्री जकातनाक्यापाशी मुलांजवळ अन्न आहे, पाणी नाही. आपण मुसलमान आहोत असे सांगूनही ते मिळत नाही. मुले उपाशी झोपतात.

या आठवणीचे सामाजिक वाचन झालेले आहे आणि ते अटळ होते. परंतु साहित्यसमीक्षेने तिच्याकडे पालक-मूल आशयसूत्राच्या अंगानेही पाहायला हवे होते. छोट्या विमानातील मुलाच्या हाती क्षणभर नियंत्रण दिले जाते ती बापाची देणगी असते. मसूरच्या रस्त्यावर कासरा मुलांच्या हाती येतो तो साऱ्या समाजाने हात काढून घेतल्यामुळे. खासगी वाहन ही चैन असते असे गृहीत धरणाऱ्या वाचकाला ही संहिता सांगते की एकाच रस्त्यावर वाहन खासगी होण्याचे कारण बहिष्कारही असू शकतो. सेंत-एक्झ्युपेरीच्या वाळवंटात विहीर सापडते, साताऱ्याच्या मुलखात सापडत नाही. हा फरक भूगोलाचा नव्हे. बाप या कथेत खलनायक नाही, दुर्लक्ष करणाराही नाही. तो केवळ पोहोचू शकलेला नाही. उंबरठ्यावर अडकलेल्या मराठी पितृकथेचा खरा अडथळा कुठे असतो, हे इतक्या कोरड्या भाषेत क्वचितच कुणी लिहिले असेल.

येथे देशीवादी आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. साहित्य स्वभूमीतून उगवते; परदेशी सुखवस्तू वर्गाच्या हवाई सहलींचा मापदंड मराठीला लावणे म्हणजे जुनीच वासाहतिक चूक, असे म्हणता येईल. पाय जमिनीवर असणे हा मराठी संवेदनशीलतेचा गुण आहे, उणीव नव्हे, असेही कुणी म्हणेल. परंतु 'पाय जमिनीवर' हा गुण सर्वांना सारखा वाटून दिलेला नव्हता. मसूरच्या मुलांचे पाय जमिनीवर होते याचे श्रेय कुणाच्या संस्कृतीला द्यायचे? आणि दुसरे असे, की बाप व मूल यांनी मिळून आकाशाशी झुंजण्याचा अनुभव मराठी भूमीत नव्हताच, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. तो होता, आजही आहे, फक्त साहित्यिकांनी त्याला साहित्याचा विषय मानले नाही. त्यासाठी येवल्याला जावे लागते.

येवल्याचे नाव मराठी वाचकाला दोन कारणांनी माहीत असते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. आणि दुसरे कारण पैठणी. शांता शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेमुळे ते वस्त्र आजीच्या गाठोड्यातील स्मृती म्हणून मराठी काव्यात कायमचे स्थिरावले. ज्याने महिनोन्महिने मागावर बसून ते विणले तो माणूस मात्र त्या स्मृतीत नाही. येवल्याचे तिसरे वैशिष्ट्य साहित्यात जवळजवळ नाहीच, आणि ते म्हणजे संक्रांतीचे पतंग. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हे गाव अक्षरशः छपरांवर राहायला जाते. हलकडीचा ठेका, धाब्यांवर गर्दी, पतंग कटल्याचा गलका. वर्षभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा, रेशमाच्या धाग्याकडे मान खाली घालून पाहणारा माणूस या तीन दिवसांत मान वर करून दुसऱ्याच धाग्याकडे पाहतो.

भारतीय विमान कायदा, १९३४ हा २०२४ च्या नव्या अधिनियमाने आता इतिहासजमा झाला आहे. त्याच्या आरंभीच्या व्याख्येत एक मौजेची गोष्ट होती. हवेच्या प्रतिक्रियेवर वातावरणात तरंगू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे विमान, असे सांगून त्यात फुग्यांबरोबर पतंगांचाही स्पष्ट समावेश केला होता. कायद्याच्या दृष्टीने येवल्याच्या छपरावरचा विणकर नव्वद वर्षे खासगी विमानाचा मालक होता! विनोद म्हणून हे सोडून देता येईल. पण छप्पर आणि विमान यांचे नाते मराठी माणसाला अगदीच नवे नाही. कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी उभारलेले विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलेच आहे.

विनोदापलीकडची गोष्ट अशी, की पतंगालाही दुहेरी नियंत्रण असते. येवल्यात मांजा ज्या चक्रावर गुंडाळतात तिला आसारी म्हणतात, आणि आसारी धरणे हे मुलाचे काम. दोरा बापाच्या बोटांत, आसारी मुलाच्या हातांत. बापाने ढील दिली की आसारी गरगर फिरते आणि मुलाला ती सैल सोडावी लागते. खेच सुरू झाली की लोंबणारा दोरा गुंता न होता गुंडाळावा लागतो. मूल पतंगाकडे पाहत राहिले तर आसारी अडते आणि पेच हातचा जातो; आसारीकडेच पाहत राहिले तर आकाशातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. बापाचा ताण त्याला दोऱ्यातून, मनगटातून कळतो. उजव्या आसनावरील मुलाला जो नियंत्रणाच्या दांड्यातून कळतो तोच. मराठी भाषेने 'ढील देणे' हा शब्दप्रयोग पालकत्वासाठी उचलला खरा, पण निंदेच्या अर्थाने : 'मुलाला फार ढील दिली.' छपरावर त्याचा अर्थ उलटा आहे. तिथे ढील ही कौशल्याची परिसीमा. ढिलीवर पेच घेणाऱ्याची वाहवा होते. एकच शब्द घरात दोष आणि घराच्या छतावर गुण ठरतो, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराला पुरेशी वाटायला हवी होती.

दोरीने बांधलेला पतंगच उंच जातो, म्हणून बंधनातच स्वातंत्र्य, असा दिनदर्शिकांच्या मागच्या पानांवर शोभणारा बोध येथे कुणी काढू नये. पतंगशास्त्रात तो अर्धाच खरा आहे आणि समाजशास्त्रात साफ खोटा. त्याचप्रमाणे १९३५ च्या घोषणेला कापलेल्या दोरीची उपमा देण्याचा मोहही टाळावा. आंबेडकरांनी दोर कापला नाही. तो आपल्याला कुठे बांधतो हे नीट पाहून नवे बंधन निवडण्यासाठी पुढची एकवीस वर्षे घालवली. प्रतिमा हाताशी आली म्हणून वापरलीच पाहिजे असे नाही, हे भान समकालीन कवितेला जितके हवे तितकेच समीक्षेलाही हवे.

छपराच्या या अवकाशातही वाटणी आहेच. मुलीच्या हाती आसारी येते, दोरा उशिरा येतो किंवा येतच नाही. आज हे चित्र पुष्कळ बदलले आहे, तरी बदलाची कथा लिहिली गेलेली नाही. नायलॉनच्या मांज्याने खेळाचे नैतिक रूप पालटून टाकले. सुती मांजा बोट कापत असे. हा माणसांचे गळे कापतो, पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली, तरी दर जानेवारीत जखमींच्या बातम्या येतात. डीडलसच्या मेणासारखाच हाही साधनाचा प्रश्न आहे, फरक इतकाच की इथे पडतो तो उडवणाऱ्याचा मुलगा नसून रस्त्यावरून दुचाकीवर जाणारे दुसऱ्याच कुणाचे तरी मूल असते. बापाने मुलाच्या हाती दिलेल्या आसारीवर कोणता दोरा गुंडाळलेला आहे, हा प्रश्न विचारणारी कथा मराठीत लिहिली गेली तर पितृछत्राच्या प्रतिमेला प्रथमच तडा जाईल, कारण तिच्यात बाप संरक्षक आणि धोका दोन्ही असेल, आणि मूल त्या धोक्यात भागीदार.

पतंग कटतो तेव्हा छपरावर जे घडते त्याकडे कुणाचे लक्ष नसते. सगळे कटलेल्या पतंगाच्या मागे पाहत असतात. बाप दोरा सोडून शेजाऱ्याशी वाऱ्याविषयी हुज्जत घालू लागतो. कौलांवरून, तारांवरून, परक्या गच्च्यांवरून पसरलेला उरलेला मांजा कुणी दुसऱ्याने लुटण्याआधी झपाट्याने ओढून घ्यायचा असतो, आणि ते काम आसारी धरणाऱ्या मुलाचे असते.